ट्रेकला आणि कॅम्पिंगला कॉफी कोणती न्यावी?

सोनकी
डिसेंबरात आम्ही सहा जण पायथ्याच्या पाचनई गावावरून हरिश्चंद्रगडाला जातोय, एक मुक्काम गडावर. जेवण वरच्या झापात (गावकऱ्यांच्या झोपडीत) घेणार, तंबू आहेत, गॅसची छोटी शेगडी आहे. प्रश्न कॉफीचा आहे. सहांपैकी चौघं कॉफीवाले, त्यातले दोघं बिनदुधाची पिणारे. मी घरी रोज फिल्टरची पिते. कोकणकड्याजवळ बसून प्यायची कॉफी नुसती गरम असून भागत नाही, ती चांगलीही असावी, असं माझं ठाम मत आहे.

अटी अशा: सॅकमध्ये फार वजन नको. भांडी धुवायला पाणी कमी लागावं, कारण टाक्यातलं पाणी तिथे सगळ्यांचंच असतं. जो कचरा होईल तो खाली आणता यावा. आणि अंधारात, थंडीने बोटं आखडलेली असताना जमेल असं हवं.

तुम्ही काय नेता, कसं करता, दुधाचं काय करता, सविस्तर लिहा. मे महिन्यात आमच्यातल्या काहींचा हिमालयातला ट्रेकही ठरतोय, त्यामुळे उंचीवरचे अनुभवही हवेत.

घाटवाट
इन्स्टंटच्या छोट्या पुड्या. एका पुडीत एक मग. धुवायला मग सोडून काही नाही. सह्याद्रीत याहून जास्त काही लागत नाही.

कारवी
सोनकीताई, वर झापात चहा मिळतो. फक्कड असतो. शेगडी घरीच ठेवा!

कातळकोरा
घाटवाट, पुडीला माझा विरोध नाही, पण कुठली पुडी ते बघून घ्यावं. नेसकॅफे क्लासिक ही निव्वळ कॉफी असते, सनराइज आणि साध्या ब्रूमध्ये चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड, असते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. दुधात चिकोरी छान लागते, रंग आणि दाटपणा येतो. बिनदुधाची पिणाऱ्याला मात्र तोच कडवट-गोडसर स्वाद पुढे येऊन त्रास देतो. म्हणजे सोनकीच्या त्या दोघांसाठी चिकोरीवाली पुडी नको.

दुसरं म्हणजे पूड कशी वाळवलेली आहे. स्वस्त इन्स्टंटमध्ये कॉफीचा अर्क गरम हवेत फवारून वाळवतात, त्यात वास बराच उडून जातो. फ्रीज ड्राइड कॉफीत तो अर्क गोठवतात आणि निर्वात जागेत बर्फाची थेट वाफ करून पाणी काढून घेतात. उष्णता कमी लागते, म्हणून वास टिकतो. नेसकॅफे गोल्ड, डेव्हिडॉफ या त्या जातीच्या. घरी हा फरक जाणवो न जाणवो, मोकळ्या हवेत बिनदुधाची पिताना नक्की जाणवतो.

घाटवाट
हे चिकोरीचं पटलं. पण दूध-साखर घालणाऱ्यांना दोन-तीन रुपयांची पुडी पुरते, यावर मी ठाम आहे.

फिल्टरवाली
फिल्टरची पिणाऱ्या बाईला इन्स्टंट काय सुचवताय! सोनकी, डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा दाट अर्क, घरूनच काढून ने. निघायच्या आदल्या रात्री फिल्टर लाव, नेहमीपेक्षा पूड जास्त, पाणी कमी. खालच्या भांड्यात जे दाट डिकॉक्शन उतरेल ते पूर्ण गार होऊ दे आणि मग घट्ट झाकणाच्या छोट्या स्टीलच्या बाटलीत भर. बाटली आधी उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी करायची. चार माणसांच्या एका फेरीला शंभर-सव्वाशे मिली पुरतं. डिसेंबरच्या थंडीत पहिली संध्याकाळ आणि दुसरी सकाळ आरामात निघते. उन्हाळ्यात मात्र त्याच दिवशी संपवावं, आंबूस होतं.

वर करायचं काय, तर दूध कडक गरम करून त्यात डिकॉक्शन ओतायचं. डिकॉक्शन स्वतः पुन्हा उकळायचं नाही, जळका वास येतो. मी माटुंग्याहून ताजी दळून घेते, प्लँटेशन ए आणि पीबेरी या दोन प्रकारच्या बिया निम्म्या-निम्म्या, त्यात वीस टक्के चिकोरी. चोथा घरीच राहतो, कुंडीत जातो. गडावर कचरा शून्य. तुझ्या सगळ्या अटी यात बसतात.

रानमेवा
डिकॉक्शनची कल्पना चांगली आहे, पण माझा प्रश्न दुधाचा आहे. कडक गरम दूध गडावर कुठून येणार? टेट्रापॅक म्हणजे लिटरमागे एक किलो वजन.

फिल्टरवाली
दूध पावडर. नाहीतर पाचनईत विचारायचं. गावात दुभती जनावरं असतात, पण आयत्या वेळी मिळेलच असं नाही. चांगला भाव द्यावा आणि आदल्या दिवशी फोन करावा.

मीठभाकर
दूध पावडरीबद्दल थोडं सांगतो, कारण ट्रेकवरची निम्मी कॉफी तिथे बिघडते. पावडर थेट उकळत्या पाण्यात टाकली की गुठळ्या होणारच. मगात आधी पावडर, साखर आणि दोन चमचे कोमट पाणी घेऊन घोटायचं, पेस्ट झाली की वर गरम पाणी. लिटरभर दुधाला साधारण सव्वाशे ते दीडशे ग्रॅम पावडर लागते, म्हणजे मगभर कॉफीत निम्मं दूध धरलं तर दोन मोठे चमचे. ट्रेकवर लोक अर्धा चमचा टाकतात आणि कॉफी पाणचट झाली म्हणून कॉफीलाच बोल लावतात.

डेअरी व्हाइटनर आणि दूध पावडर एक नव्हे, हेही बघा. व्हाइटनरमध्ये बहुधा साखर आधीच असते. बिनसाखरेची पिणारे असतील तर साधी फुल क्रीम पावडर घ्या. कंडेन्स्ड मिल्कचा डबा नेऊ नका, एकदा फोडला की सॅकभर चिकटा आणि रात्री मुंग्या.

जाईजुई
अजून जायफळ कसं आलं नाही धाग्यावर? आपल्या घरांत कॉफी म्हणजे दुधाची, जायफळ-वेलचीची. माझी मोठी जाऊ दरवर्षी मुलांच्या ट्रेकसाठी घरीच मिश्रण करून देते, तेच लिहिते. एका कपाला: दूध पावडर दोन मोठे चमचे, पिठीसाखर दीड लहान चमचा, इन्स्टंट कॉफी एक लहान चमचा, किसलेलं जायफळ चिमूटभर, वेलची हवी तर. सगळं कोरडं एकत्र करून मिक्सरमधून एकदा फिरवायचं आणि एका-एका कपाच्या झिपलॉक पिशव्या भरायच्या. पिठीसाखरेमुळे पावडर सुटी राहते, गुठळ्या फार कमी होतात. अंधारात मोजमाप नाही. पिशवी मगात, वर गरम पाणी, ढवळलं की झालं. रिकाम्या पिशव्या घरी आणून धुवायच्या, पुढच्या वेळी त्याच.

रानमेवा
जाईजुईताई, वाचनखूण साठवली. आजच करतो.

कारवी
जायफळाची असेल तर मी चहा सोडून येतो.

उतारवाट
बिनदुधावाल्यांचं कुणी बघत नाहीये, म्हणून लिहितो. मी एअरोप्रेस नेतो. प्लास्टिकची नळी, खाली कागदी गाळणी, वरून दट्ट्या. २००५ साली बाजारात आली. प्रवासासाठीची छोटी आवृत्ती मगात बसते आणि मगासकट तीनशे ग्रॅमच्या थोडी वर जाते. पंधरा ग्रॅम पूड, दोनशे मिली पाणी, ढवळून दीड-दोन मिनिटं थांबायचं, मग दट्ट्या हळू दाबायचा. चोथ्याची घट्ट वडी होते, ती दाबून पिशवीत टाकली की नळी जवळजवळ स्वच्छ. घोटभर पाण्यात धुऊन होते. पाणी कमी असलेल्या गडावर मला याचंच महत्त्व वाटतं.

पूड घरूनच दळून न्यायची, पिठीसाखरेहून थोडी जाड आणि रव्याहून बारीक अशी. हातचक्की सॅकमध्ये कशाला? एका रात्रीत पुडीचा वास काही उडून जात नाही.

कातळकोरा
उतारवाट, एकट्याला किंवा दोघांना ठीक. चौघांसाठी एकामागून एक चार मग काढायचे तर पहिल्याची कॉफी संपते तेव्हा चौथ्याची सुरू होते. एकत्र बसून पिणं राहिलं बाजूला.

उतारवाट
दाट अर्क दोघांपुरता एकदम काढून वरून गरम पाणी घालता येतं. सोनकीकडे बिनदुधाचे दोघंच आहेत.

दगडफूल
गट मोठा असेल तर पातेल्यातली कॉफी, कुठलंही यंत्र नको. अमेरिकेत गुराखी अशी करत, म्हणून तिला तिकडे काउबॉय कॉफी म्हणतात. लिटरभर पाण्याला साठ ग्रॅम जाड दळलेली पूड. पाणी खळखळ उकळलं की शेगडी बंद, अर्धं मिनिट थांबायचं, पूड टाकून ढवळायचं, झाकण. चार-पाच मिनिटांनी झाकण काढून वरून थोडं गार पाणी शिंपडायचं, तरंगणारा चोथा खाली बसतो. मग पातेलं न हलवता वरची कॉफी ओगराळ्याने काढायची. पूड टाकल्यावर परत उकळायचं नाही, लोकांची कॉफी तिथेच कडू होते. धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळली तर तळाशी गाळही राहत नाही.

मला ही सगळ्यांत आवडते. पातेल्याभोवती सगळे जमतात, कुणी मग धरतं, कुणी ओततं. कॉफीचा वास आख्ख्या कॅम्पभर जातो.

अभ्रक
ड्रिप बॅगबद्दल काय मत आहे? ब्लू टोकाईच्या मिळतात, मगाच्या काठावर अडकवून पाणी ओतायचं असतं.

उतारवाट
घरी, ऑफिसात, हॉटेलच्या खोलीत उत्तम. पण हळूहळू धार सोडायला चोचीची किटली लागते, आणि वारा असेल तर पातेल्यातून ओतलेली धार पिशवीत कमी, हातावर जास्त. त्यापेक्षा चहासारख्या बुडवायच्या पिशव्या बऱ्या, स्लीपी आउलच्या येतात. मगात टाकायची, वर झाकण ठेवायचं, पाच मिनिटांनी पिळून काढायची. एअरोप्रेसइतकी दाट होत नाही, पण इन्स्टंटपेक्षा कितीतरी चांगली. वजन नगण्य. चोथा पिशवीतच राहतो.

घाटवाट
यातली एक पिशवी केवढ्याला पडते आणि पुडी केवढ्याला, हाही हिशेब मांडा.

अभ्रक
पिशवी कितीतरी पट महाग, खरंय. पण सहा तास चालून वर गेल्यावर मी तेवढे पैसे आनंदाने देईन.

पाणमांजर
पावसाळी ट्रेकवाल्यांसाठी: इन्स्टंट कॉफी हवेतली ओल फार पटकन शोषते. जुलै-ऑगस्टमध्ये बाटली एकदा उघडली की दुसऱ्या दिवशी आत काळा डांबरी गोळा. पावसात फक्त बंद पुड्या किंवा एक-एक कपाच्या पिशव्या. जाईजुईताईंच्या मिश्रणालाही हेच लागू, त्या पिशव्या आणखी एका जाड पिशवीत घाला.

टाकंकाठ
चवीवर बरंच झालं, दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव कायदा १९७२ नुसार अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं गुन्हा आहे. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. तेव्हा कॉफीसाठी लाकडं गोळा करून चूल मांडायचा विचारही नको. शेगडी सपाट कातळावर, गवतापासून लांब, आणि जळत असताना एक माणूस तिच्याजवळ.

दुसरं, कितीही थंडी असो, शेगडी तंबूत पेटवायची नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. वाऱ्यासाठी आडोसा करायचा तर सॅका एका बाजूला लावा, तेही हातभर अंतरावर. गॅसच्या डब्यावरच बसवायची शेगडी असेल तर पत्र्याचा पडदा चहूबाजूंनी लावू नका, डबा तापतो आणि फुटू शकतो.

कारवी
टाकंकाठ यांना अनुमोदन. आणि टाक्याचं पाणी आधी फडक्यातून गाळून, मग खळखळ उकळून. कॉफीच्या रंगात गाळ दिसत नाही म्हणून तसंच वापरू नये.

मीठभाकर
कारवी यांचा झापातल्या चहाचा मुद्दा लोकांनी हसण्यावारी नेला, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. पाचनई, खिरेश्वरच्या लोकांना शनिवार-रविवारच्या गर्दीचाच आधार असतो. आपण सगळं घरून बांधून नेलं, त्यांच्या गडावर राहिलो आणि कचरा ठेवून आलो, तर त्यांच्या हाती काय लागलं? आपली कॉफी जरूर न्या, पण एक वेळचा चहा तिथे घ्याच.

फिल्टरवाली
यात वाद नाही. जेवण ती घेतेच आहे तिथे. पण आपली आवडती कॉफी स्वतःच्या हाताने करून प्यायली म्हणजे गावाचं नुकसान केलं, असंही होऊ नये.

मीठभाकर
नाही, तसं म्हणायचं नाही मला. दोन्ही करा.

भुईकमळ
कचऱ्याबद्दल एक. पुडी फाडताना जो कोपऱ्याचा तुकडा निघतो, तो गडावर सगळ्यांत जास्त दिसतो. मोठं पाकीट लोक खिशात घालतात, तुकडा वाऱ्यावर जातो. पुडी पूर्ण तोडू नका, कोपरा लटकता ठेवा, नाहीतर घरूनच सगळ्या पुड्या एका डबीत रिकाम्या करून न्या. चोथाही टाक्याजवळ किंवा पाण्यात टाकू नका. कुजणारा आहे म्हणून कुठेही फेकायचा, हे चूक आहे.

सिएरावासी
मी कॅलिफोर्नियात असतो, इकडचं सांगतो. योसेमिटीच्या रानात मुक्कामाला जाताना अस्वलाला उघडता न येणारा डबा न्यावाच लागतो, आणि त्यात नुसतं अन्न नाही तर टूथपेस्टपासून कॉफीपर्यंत वासाची प्रत्येक वस्तू ठेवायची. पूड तंबूत ठेवून झोपायचं नाही. त्या डब्यात जागा इतकी थोडी की इथले बरेच बॅकपॅकर इन्स्टंटकडे वळतात. कॉफीच्या बिया भाजून विकणारे लहान व्यावसायिकही आता चांगल्या प्रतीची इन्स्टंट एका-एका कपाच्या पुडीत काढतात, पण किमती चढ्या. शिवाय सरकारी जंगलात साध्या गॅस शेगडीसाठीही परवाना काढावा लागतो. ऑनलाइन, फुकट मिळतो. भांडी धुवायची ती पाण्यापासून साधारण साठ मीटर लांब जाऊन. हे शेवटचं आपल्या टाक्यांना लागू केलं तर बरं होईल.

अवांतर: फिल्टरवाली, तुमचं डिकॉक्शन वाचून माटुंगा आठवलं.

हिमझुळूक
उंचीचं विचारलं होतं ना? उंची वाढली की पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण दर तीनशे मीटरला एक अंश. हरिश्चंद्रगड चौदाशे मीटरच्या थोडा वर, म्हणजे पंच्याण्णव अंशांच्या आसपास. कॉफीला अगदी योग्य. हिमाचलातल्या हाम्प्ता खिंडीत, सव्वाचार हजार मीटरवर, ते शहाऐंशीच्या जवळपास येतं. तिथे भरड पूड नीट उतरत नाही, कॉफी आंबट आणि फिकी लागते. म्हणून तिकडे पूड जरा बारीक, भाजणी गडद आणि मुरायला वेळ जास्त. इन्स्टंटला याने काही फरक पडत नाही, हा तिचा मोठा गुण.

गॅसचंही बघा. निव्वळ ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो. पहाटे तंबूबाहेर डबा भरलेला असूनही ज्योत धरत नाही. थंडीत आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचे स्क्रूवाले डबे घ्यायचे. विमानात गॅसचा डबा कुठल्याही सामानातून चालत नाही, रेल्वेतही मनाई आहे. त्यामुळे मनाली, डेहराडूनला पोचल्यावरच विकत घ्या.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: रोज तीन-चार कप पिणाऱ्याने ट्रेकला जाऊन एकदम कॉफी बंद करू नये. बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं. साडेतीन-चार हजार मीटरवर डोकेदुखी हे उंची बाधण्याचंही पहिलं लक्षण असतं. दुखणं कॉफी सुटल्याचं की उंचीचं, हे तिथे कुणालाच सांगता येत नाही. सोडायचीच तर घरी, दोन आठवडे आधीपासून हळूहळू. नाहीतर नेहमीचा कप चालू ठेवा. पण डोकेदुखी उंचीवर झाली तर ती उंचीचीच धरा. कॉफी पिऊन बघू, मग ठरवू, असं करत वर चढत राहू नका.

अभ्रक
पण कॉफीने शरीरातलं पाणी कमी होतं म्हणतात. ट्रेक लीडर सरसकट बंद करायला सांगतात.

हिमझुळूक
सवय असलेल्या माणसाला दिवसाकाठी दोन-तीन कपांनी तसं होत नाही. लघवीला थोडं जास्त जावं लागतं, पण कपातलं पाणीही पोटात जातंच. पाण्याऐवजी कॉफी पिऊ नये, इतकंच. आणि रात्री उशिरा नको, उंचीवर झोप आधीच तुटक असते.

सोनकी
सगळ्यांचे आभार. गटाला वाचून दाखवलं. ठरलेलं असं: संध्याकाळी फिल्टरवालींच्या पद्धतीने डिकॉक्शन, दूध पावडर आधी घोटून. बिनदुधाच्या दोघांना बुडवायच्या पिशव्या. सकाळी जाईजुईताईंचं जायफळाचं मिश्रण, कारण तंबू आवरायच्या घाईत तेच जमेल. उतरण्याआधी झापात चहा. हिमालयासाठी फ्रीज ड्राइड.

एकच शंका उरली. २३० ग्रॅमचा एक डबा सहा जणांना पुरेल का? शेगडी मैत्रिणीची आहे, डबे मी आणणार आहे.

टाकंकाठ
वारा नसेल आणि भांड्यावर झाकण असेल तर २३० ग्रॅममध्ये दहा-बारा लिटर पाणी उकळतं. तुमच्या दोन फेऱ्या म्हणजे फार तर चार लिटर, प्यायचं पाणी उकळायचं असेल तर आणखी काही. कड्याजवळ वारा असतोच, गॅस दुप्पट जातो, म्हणून दुसरा डबा सोबत असू दे. मात्र डबे घ्यायच्या आधी मैत्रिणीची शेगडी बघा. आपल्याकडे स्वस्तातले लांबट डबे खाचेचे असतात, बुटके डबे स्क्रूचे, आणि एकाची शेगडी दुसऱ्याला अडॅप्टरशिवाय बसत नाही. घरी जोडून, गच्चीत एकदा पेटवून बघा आणि मगच सॅकमध्ये भरा. लायटर दोन घ्या, वेगवेगळ्या सॅकमध्ये.

जाईजुई
आणि जायफळ त्याच आठवड्यात किसा. किसून जुनं झालं की वास जातो.